बिननंबरची पोच

अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि अक्कल त्या मानाने बरीच कमी. पण फळ्यावर चौकोन झकास काढता यायचा. पट्टी न लावता, एका दमात. तो चौकोन म्हणजे राज्यव्यवस्था; मी त्याला 'पेटी' म्हणायचो. डावीकडून आत जाणारे दोन बाण, एक मागण्यांचा आणि एक पाठिंब्याचा. उजवीकडून बाहेर पडणारा एक बाण, निर्णयांचा. निर्णय लोकांपर्यंत पोचला की त्याचं बरंवाईट घेऊन खालून वळसा घालत एक तुटक रेघ पुन्हा डावीकडे यायची. तिला मी 'उलट टपाल' म्हणत असे. पोरं मला माघारी 'पेटीवाले सर' म्हणायची, आणि त्याचा राग यायच्याऐवजी मला अभिमान वाटायचा.

साठीचं दशक निम्मं सरलं होतं आणि हे शास्त्र आमच्याकडे अगदी नवं होतं. तोवर आम्ही घटनेची कलमं शिकवायचो, कोणाला कोणते अधिकार, कोण कोणाला बडतर्फ करू शकतो, वगैरे. विभागप्रमुखांनी नागपूरहून दोन जाडजूड परदेशी पुस्तकं आणली आणि माझ्या अंगावर टाकली, कारण विभागात सगळ्यात लहान मीच होतो. त्या पुस्तकांचं म्हणणं असं, की कलमं बाजूला ठेवा. राजा असो, संसद असो की गावची पंचायत, प्रत्येक व्यवस्था एखाद्या जित्या जिवासारखी आजूबाजूच्या जगातून काही आत घेते आणि काही बाहेर टाकते. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते पाहा, म्हणजे ती जगते कशी ते कळेल.

तिवसा, चांदूरकडून यष्टीने येणारी माझी पोरं हे ऐकून नुसती बघत बसायची. मग एक दिवस मला सुचलं. म्हटलं, "अरे, कचेरीत आवक-जावक पाहिली आहे ना? बस, तेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आवक नसेल तर जावक कसली?" सगळा वर्ग हसला आणि एका झटक्यात सगळ्यांना समजलं. मला कोण आनंद झाला. आवक-जावक मला इतक्या सहज का सुचली, हे मात्र मी वर्गाला सांगितलं नाही.

माझे वडील अकोल्याला एका सरकारी कचेरीत आवक कारकून होते. जुन्या शहरात आमचं भाड्याचं घर होतं. रोज सकाळी ते छत्री घेऊन पुलावरून मोर्णा नदीपलीकडे जायचे आणि दिवे लागायच्या वेळी परत यायचे. आलेला कागद घ्यायचा, त्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि आणणाऱ्याच्या हातात पोच द्यायची. पोच म्हणजे एवढीशी चिठ्ठी. 'अर्ज मिळाला', आवक नंबर, तारीख, सही. तीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याला शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग कायमचा असायचा. शाळेत कोणी बाप काय करतो विचारलं की मी 'सरकारी नोकरीत आहेत' म्हणून विषय बदलायचो. वकिलांची आणि जिनिंगवाल्यांची पोरं बाकावर बसायची शेजारी. लाज वाटायची. ती माझी पहिली लाज, आणि ती अगदी स्वस्तातली होती.

रविवारी खेड्यातली माणसं हातात कागद घेऊन घरी यायची. वडील त्यांना चहा द्यायचे पण कागदाला हात लावायचे नाहीत. "उद्या कचेरीत या. नंबर घ्या, पोच घ्या, मंगच जा." दहा-दहा कोस चालून आलेली माणसं तशीच परत जायची. एकदा न राहवून मी विचारलं, "काहून बाबा? ठेवून घेतला त काय बिघडते? उद्या नेऊन टाकान तुमीच."

ते म्हणाले, "बिननंबरचा कागद मी घेतला त तो माहा उपकार होते. नंबर पडला का त्याचा हक्क होते. मले उपकार कराची हौस नाई."

त्यांचा आणखी एक नेम होता. वीस माणसांनी एकाच गोष्टीसाठी वीस अर्ज आणले तरी ते एका फितीत बांधून एक नंबर द्यायचे नाहीत. वीस कागद, वीस नंबर. वरचे कारकून वैतागायचे. "सायेब वरचा कागद तेवढा वाचते. खालचे नुसते वजनाले राहते," असं वडिलांचं म्हणणं. मला वाटायचं, साध्या कामाला मोठेपणा चिकटवायची छोट्या माणसाची ही धडपड आहे. नाकापेक्षा मोती जड.

आणि तोच मी पुढे वर्गात द्वारपाल शिकवताना त्यांचीच नक्कल करायचो. शास्त्र सांगतं, की सगळ्याच मागण्या आत घुसल्या तर पेटी तुंबेल. म्हणून दारावर कोणीतरी असतं, ते काही मागण्या अडवतं, काही एकत्र करतं, सुटसुटीत करून आत सोडतं. "अकोल्याच्या एका कचेरीतला एक कारकून होता," असं म्हणून मी चष्मा नाकावर ओढायचो आणि टेबलावर शिक्का मारल्यासारखी मूठ आपटायचो. पोरं पोट धरून हसायची. तो कारकून माझा कोण, हे त्यांना कधी कळलं नाही.

पंचायत राज तेव्हा नुकतंच आलेलं. खेड्यातल्या माणसाची मागणी आता थेट पंचायत समितीत जाणार, असा सगळीकडे बोलबाला होता. मी ठरवलं, आपण हे प्रत्यक्ष तपासायचं. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूची काही गावं घ्यायची, लोकांच्या मागण्या त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायच्या, आणि पेटीतून त्यांचं पुढे काय होतं ते पाहायचं. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. पंचायत समितीचे एक सदस्य ओळखीचे निघाले. मोठे शेतकरी, बोलायला गोड. त्यांनी जायला जीप दिली. मी वह्या, कोरे कागद आणि अंगठ्यासाठी शाईची डबी घेऊन निघालो.

एका गावात सदस्यांच्या नातलगांकडे चहापाणी झालं आणि मग मी गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत गेलो. दहा वर्षांपूर्वी त्या लोकांनी धम्म घेतला होता. घराघरांत बुद्धाची तसबीर होती, पोरं शाळेत जात होती, आणि पाणी आणायला बाया पाऊण कोसावरच्या नाल्याच्या झिऱ्यावर जात होत्या. लोकांनी बोलायला एका बाईला पुढे केलं. पन्नाशीची, काटक, शेतमजुरी करणारी. मी विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, "लिवा. मी सांगते तसंच लिवा जी. विहीर आमच्या वस्तीतच पायजे. गावात खोदली त आमाले तिचं पानी नाई. थ्या गावातल्या बाया वरून ओततेत, थेही त्याईच्या मनात आलं त."

मी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला आणि तो हात तसाच पुढे ठेवला.

"आता पोच द्या."

मी हसलो. "बाई, हा अर्ज नाही. हा अभ्यास आहे माझा."

"माहा आंगठा घेतला नं कागदावर? मंग पोच द्या. कागद देल्ला का पोच घ्या लागते, असं आमाले सांगतलं हाये."

भोवती माणसं उभी होती. जीपचा ड्रायव्हर लांबून घड्याळ बघत होता. मी वहीतलं एक पान अर्धं फाडलं आणि लिहिलं, 'अर्ज मिळाला.' खाली तारीख, सही. आणि लहानपणापासून हजार वेळा पाहिलेलं असल्यामुळे हाताने आपोआप वरच्या कोपऱ्यात 'आवक नं.' हेही लिहिलं आणि पुढे टिंबं टाकली. हुबेहूब पोच दिसत होती. तिने ती घडी घालून लुगड्याच्या गाठीत बांधली. मला गंमत वाटली. परतताना मी ड्रायव्हरलाही ती गंमत सांगितली.

अमरावतीला आल्यावर खोलीत पलंगावर सगळे कागद पसरले आणि विषयवार ढीग लावले. रस्ता, शाळा, पाणी. तेवढ्यात सदस्यांचा निरोप आला, की विहिरींचे प्रस्ताव जायचे आहेत, तुमच्याकडे गावोगावच्या मागण्या आहेतच तर एक तक्ता करून द्या. माझी छाती फुगली. माझा अभ्यास खुद्द पेटीत जाणार होता. मी एका पानाचा सुबक तक्ता केला. त्या गावासमोर लिहिलं, 'पिण्याचे पाणी, विहीर एक.' मग थोडा थांबलो आणि कंसात 'वस्तीत' असं लिहून तक्ता सदस्यांना दाखवायला नेला.

त्यांनी वाचला, आणि बोट त्या कंसावर ठेवलं. "सर, हे वस्ती-बिस्ती काहून टाकता? उगाच गावात वाकडं येते. विहीर सरकारी हाये, सगळ्याईचीच राहीन नं?"

कायद्याने विहीर सगळ्यांचीच होती. अस्पृश्यता घटनेने नष्ट केली होती, कोणत्या कलमाने केली तेही मला पाठ होतं, मी तेच तर शिकवायचो. समोर चहा होता, उद्याही जीप लागणार होती. मी खिशातून पेन काढलं आणि तो कंस खोडला. मनाला सांगितलं, मागण्या सुटसुटीत कराव्याच लागतात, शास्त्रात तसं दिलेलं आहे. बाईचा कागद माझ्या ट्रंकेत पडून राहिला. आत गेला तो फक्त तक्ता.

विहीर मंजूर झाली. तक्त्यातली मागणी निर्णय होऊन बाहेर आल्याचं पाहून मी लगेच निबंध लिहिला आणि कॉलेजच्या सभागृहात वाचला. बाण, पेटी, सगळं मोठ्या कागदावर रंगीत काढून नेलं होतं. नागपूरहून आलेल्या प्राध्यापकांनी हात हातात घेतला. निबंध छापून आला तेव्हा एक प्रत घेऊन मी अकोल्याला गेलो.

वडील तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून निबंध निम्मा वाचला असेल. बाणांपाशी थोडा वेळ थांबले. मग एवढंच विचारलं, "लोकाईचे कागद घेतले तू. पोच देल्ली का त्याईले?"

मी म्हटलं, "हो बाबा. देल्ली."

"नंबर टाकून?"

"हो."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी निबंधाची घडी केली, डोळे मिटले आणि ते समाधानाने पडून राहिले. त्याच हिवाळ्यात ते गेले. माझ्याबद्दल शेवटी त्यांचं मत चांगलं झालं होतं, आणि ते खोट्यावर झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावी गेलो. दयेने नव्हे, आणि शंका आली म्हणूनही नव्हे. निबंधात उलट टपालाचा भाग राहिला होता. निर्णयावर लोक काय म्हणतात ते लिहिल्याशिवाय आकृती पुरी होत नव्हती. विहीर गावाच्या मधोमध, देवळासमोर होती. पक्कं बांधकाम, लोखंडी चाक, भोवती ओटा. गावातल्या बाया पाणी भरत होत्या. ओट्याखाली, जरा लांब, वस्तीतल्या दोन बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. कोणाच्या मनात येईल याची वाट बघत.

वस्तीत गेलो तर त्या बाईने मला लांबूनच ओळखलं. सावलीत बसवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. पाऊण कोसावरचं पाणी. ते मी प्यालो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

जमलेल्या लोकांना ती सांगत होती, "ह्या मास्तरनं त बराबर लिवलं होतं. मह्या समोर वाचून दाखोलं. तथीसा कचेरीत वाचनाऱ्याईनं वाचलं नाई." मग माझ्याकडे वळून, "नाई का जी?"

मी म्हणालो, "हो. वरची कामं अशीच असतात."

हे मी म्हणालो. शांतपणे, मान हलवून, सरकारवर थोडं चिडल्यासारखं करून. तिचा कागद माझ्या ट्रंकेत होता.

मग तिने लुगड्याची गाठ सोडली. पोच. घड्यांवर फाटायला आलेली, घामाने शाई पसरलेली. ती घेऊन ही बाई चार वेळा पंचायत समितीच्या कचेरीत जाऊन आली होती. दर वेळी एका दिवसाची मजुरी बुडवून. "तथचा बाबू म्हनते, ह्याच्यावर नंबर नाई. नंबर नाई त कागद नाई. मी म्हनलं, सही हाये, तारीख हाये, आवक नंबर लिवेल हाये. थो म्हने, पुढं टिंबं हायेत." ती टिंबं मी टाकली होती. तिने पोच माझ्या पुढे धरली. "तुमीच टाका नं जी आता नंबर. तुमचीच सही हाये."

आयुष्यात मी पुष्कळ सिद्धांत वाचले, पण ती चिठ्ठी हातात घेऊन बसलो असताना जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. पेटीत दोन बाण जातात, मागणीचा आणि पाठिंब्याचा. तिची मागणी मी दारातच ठेवून घेतली होती. पाठिंबा मात्र वर्षभर आत जात राहिला होता. ती मजुरी बुडवून खेटे घालत होती, कचेरीवर विश्वास ठेवत होती, कागदावर विश्वास ठेवत होती, माझ्यावर तर ठेवतच होती. अशा माणसांच्या जिवावर व्यवस्था चालते. आणि मी तिचा अभ्यास करत होतो, उंटावरून शेळ्या हाकत.

मी तिथेच बसून नवा अर्ज लिहिला. तेच वाक्य, शब्दाला शब्द. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कचेरीत गेलो. तिची पाचवी मजुरी बुडाली. आवक टेबलावर एक वयस्कर कारकून होता. त्याच्या अंगठ्यालाही जांभळा डाग होता. तो मी पाहिला आणि नजर खाली घातली.

त्याने अर्ज पूर्ण वाचला. शिक्का उचलला आणि थांबून विचारलं, "यापूर्वी अर्ज दिला होता का? गेल्या सालचा असन त सांगा. जुने अर्ज आमी पयले घेतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात गाठीकडे गेला. हो म्हटलं असतं तर ती पोच टेबलावर आली असती. त्यावर माझी सही होती. ही कोणाची, अर्ज कुठे आहे, कोणाकडे राहिला, तक्ता कोणी केला, सगळं निघालं असतं. माझा छापील निबंध होता. कॉलेजात मी कायम व्हायचा होतो. ती काही बोलायच्या आत मीच बोललो.

"नाही. हा पहिलाच."

कारकुनाने नंबर टाकला, शिक्का मारला, पोच लिहून तिच्या हातात दिली. त्याचं काम त्याने चोख केलं. त्या एका शब्दाने तिचा कागद त्या सालच्या ढिगात सगळ्यात खाली गेला. वस्तीत विहीर झाली ती आणखी तीन उन्हाळे गेल्यावर. मी ती पाहायला गेलो नाही.

कचेरीबाहेर कडुनिंबाखाली आम्ही यष्टीची वाट पाहत उभे होतो.  ती नव्या पोचेवरचा नंबर बोटाने चाचपत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण टिंबं आणि आकडे यांतला फरक तिला आता कळत होता.

मग तिने विचारलं, "सायेब, हा पयला. मंग थे काय होतं?"

  तिने उत्तराची वाट पाहिली नाही. नवी पोच गाठीत नीट बांधली, जुनी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हे तुमचं हाये."

यष्टी आली तशी ती चढून बसली. मी मागे राहिलो. त्यानंतर फळ्यावर मी चौकोन पुष्कळदा काढला, अभ्यासक्रमातच होता, पण त्या कारकुनाची नक्कल पुन्हा केली नाही. पोच माझ्याकडे आहे. नंबर अजून पडलेला नाही.